सागवान, सिमेंट आणि मुदतीचा हिशेब

गृहरचनेच्या शास्त्रात एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले गेलेले दोन पदार्थ एकाच मुलखात शेजारी शेजारी नांदताना पाहायचे असतील, तर जुन्या चांदा जिल्ह्यासारखे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात सापडणे कठीण. बल्लारशाहच्या डेपोत सागाचे ओंडके लिलावासाठी थप्पी लावून ठेवलेले असतात. तेथून फार दूर नसलेल्या कोरपना तालुक्यात चुनखडीच्या खाणी आहेत आणि त्या खाणींच्या आधाराने उभे राहिलेले सिमेंटचे कारखाने अहोरात्र धगधगत असतात. वर्धेच्या खोऱ्यातला कोळसा भट्ट्यांना आणि वीजकेंद्राला जळण पुरवतो आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून निघणारी राख पुन्हा सिमेंटातच मिसळली जाते. लाकूड, चुनखडी, कोळसा आणि राख या चारही वस्तू जेथे एका दिवसाच्या फेरीत पाहता येतात, तेथे घर कशाचे बांधावे हा प्रश्न केवळ सोयीचा किंवा खर्चाचा राहत नाही. जो कर्बवायू वातावरणात साचत गेल्याने पृथ्वीचे तापमान चढत आहे, त्याच्या जमाखर्चाचा तो प्रश्न होतो.

या जिल्ह्यातल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयाची जुनी इमारत सागाच्या खांबांची आणि कवेलूंच्या छपराची आहे. भिंती खचल्यामुळे ती उतरवून तिच्या जागी दुमजली इमारत बांधण्याचा ठराव व्यवस्थापक समितीने केला, आणि त्या समितीचा सभासद या नात्याने मला दोन जाणत्या माणसांचा वाद ऐकण्याचा योग आला. एक, वनखात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. आणि दुसरी, वास्तुविद्येचे शिक्षण घेऊन आलेली त्यांची भाची. मामा लाकडाची बाजू घेतील आणि भाची काँक्रीटची, अशी कोणाचीही सहज समजूत होईल, माझीही होती. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलटे, आणि ते उलटे का घडले हे नीट समजून घेण्याजोगे असल्यामुळेच तो संवाद, माझ्या आठवणीत राहिला तसा, येथे मांडीत आहे.

भाची : मामा, सिमेंटाविरुद्ध माझी मुख्य फिर्याद भट्टीच्या धुराबद्दल नाही. धूर कमी करता येतो, जळण बदलता येते. पण चुनखडी ही मुळातच कर्ब पोटात धरून बसलेली आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की छप्पन्न किलो चुना हाती उरतो आणि चव्वेचाळीस किलो कर्बवायू होऊन आकाशात जातो. ती भट्टी उद्या निव्वळ सूर्याच्या उष्णतेवर चालवली, तरी हे चव्वेचाळीस किलो चुकत नाहीत. सिमेंटाच्या एकंदर कर्बभारातला निम्म्याहून अधिक वाटा या एका रासायनिक क्रियेचा आहे; उरलेला, भट्टी चौदाशे पन्नास अंशांपर्यंत तापवण्याचा. जग दरसाल सुमारे चार अब्ज टन सिमेंट करते, आणि मनुष्यनिर्मित कर्बवायूपैकी सात ते आठ टक्के त्यातून निघतो. उत्पादनात चीनच्या खालोखाल आपला देश आहे, आणि आपली घरे अजून बांधून व्हायची आहेत.

मामा : हे मला मान्य आहे. पण जागतिक आकडे ऐकून समितीचे सभासद केवळ माना हलवतील. वाचनालयाचे काय ते सांग.

भाची : तेच सांगते. दोन मजले मिळून बांधकाम चार हजार चौरस फुटांचे. आरसीसीच्या कामाला कंत्राटदार जो ठोकताळा धरतात, म्हणजे चौरस फुटाला ०.४ पोते सिमेंट आणि चार किलो सळई, त्याने सोळाशे पोती, म्हणजे ऐंशी टन सिमेंट आणि सोळा टन पोलाद लागेल. आपल्याकडचे सिमेंट राख मिसळलेले असते. म्हणून टनामागे ०.६ टन कर्बवायू धरला, तर सिमेंटाचे अठ्ठेचाळीस टन होतात; पोलादाचे टनामागे दोन धरले तरी बत्तीस. एकूण ऐंशी टन. आणि हा खर्च हप्त्याहप्त्याने होत नाही. स्लॅब पडेल त्या दिवसापर्यंत तो सगळा होऊन गेलेला असतो. नंतर इमारत शंभर वर्षे टिको की तीस, ती रक्कम परत येत नाही. उलट लाकडाचे पाहा. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग कर्ब असतो. घनमीटरभर वाळके सागवान सुमारे साडेसहाशे किलोचे. त्यातला सव्वातीनशे किलो कर्ब म्हणजे झाडाने हवेतून ओढून घेतलेला जवळजवळ १.२ टन कर्बवायू. खांब, तुळया, तक्तपोशी आणि छप्पर धरून चाळीस घनमीटर लाकूड घातले, तर अठ्ठेचाळीस टन आपण इमारतीत कोंडून ठेवू. एकीकडे देणे, दुसरीकडे ठेव. यात वाद कशाला?

(हा हिशेब ऐकून समितीतले दोघे-तिघे तेथेच लाकडाच्या बाजूचे झाले, हे मी पाहिले. आकडे खरे होते, आणि बोलणाऱ्या मुलीची तळमळही खरी होती.)

मामा : वाद असा, की तू हिशेब इमारतीच्या उंबरठ्यापासून सुरू करतेस, मी तो खुंटापासून सुरू करतो. तुला चाळीस घनमीटर चिरलेले लाकूड पाहिजे ना? आरागिरणीत गोल ओंडक्यातून निम्मे हाती लागले तरी पुष्कळ. म्हणजे ऐंशी घनमीटर ओंडके जंगलातून यायला हवेत. उरलेल्या चाळिसांचा भुसा, फळकुटे आणि ढलप्या होतात आणि बहुतेक सगळे वर्ष-दोन वर्षांत जळते. इमारतीत जेवढा कर्ब तू कोंडलास, जवळजवळ तेवढाच गिरणीच्या दारातून धूर होऊन गेला. शिवाय फांद्या आहेत, पाला आहे, जमिनीत कुजणारी मुळे आहेत. हे सारे कोणाच्या खाती मांडायचे?

भाची : तो भुसा जळतो, तो कोळशाच्या जागी जळतो, मामा. तेवढा कोळसा वाचला.

मामा : वाचला असेल तर जमेस धर, पण वाचला याचा पुरावा दाखव. आता दुसरी गोष्ट. सरकारी रोपवनातला साग साठ ते ऐंशी वर्षांनी तोडीस येतो. आज तोडलेल्या झाडाच्या जागी लावलेले रोप तेवढे मोठे व्हायला तुझे सारे आयुष्य जायचे. हवामानाच्या दृष्टीने जी दोन-तीन दशके निर्णायक आहेत असे तुम्हीच सांगता, त्या दशकांत तो तुकडा उघडा असतो. संशोधक टिमोथी सर्चिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली ‘नेचर’मध्ये हाच हिशेब साऱ्या जगाचा मांडला: चालू रीतीने लाकूडतोड होत राहिली, तर २०१० ते २०५० या काळात तिचा बोजा दरसाल साडेतीन ते सव्वाचार अब्ज टन कर्बवायूइतका भरतो. ‘झाड पुन्हा वाढतेच’ एवढे म्हणून लाकडाच्या खाती शून्य लिहिण्याची पद्धत त्यांनी अमान्य केली. आणि जंगलात राहिलेल्या माणसाला ती कधीच पटण्यासारखी नव्हती.

भाची : पण जंगल एका झाडाने मोजतात का? तुमच्याच कार्य-आयोजनेत साठ कूप, म्हणजे पाळीपाळीने तोडायचे जंगलाचे तुकडे, आखलेले असले, तर दरसाल एक तोडला जातो आणि एकोणसाठ वाढत असतात. एका कुपात जेवढे कमी झाले, तेवढे बाकीच्यांत त्याच वर्षी भरून निघते.

मामा : कागदावर निघते. ते खरे होण्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात: तोड वाढीहून अधिक नसावी, तोडलेल्या कुपात रोपे खरोखर जगावीत, आणि साठ वर्षे त्या जमिनीवर दुसऱ्या कोणाची नजर पडू नये. माझ्या नोकरीत मी ओंडके मोजले, वणवे विझवले आणि अतिक्रमणांचे पंचनामे केले. तिन्ही अटी एकत्र पाळल्या गेल्या असे कूप मी पाहिले आहेत, पण ते अपवादाने. आणि ज्या एकोणसाठ कुपांची वाढ तू जमेस धरतेस, ती वाढ तू साठावा तोडला नसतास तरी झालीच असती. मग ती त्या तोडीच्या खाती कशी जमा होते?

येथे भाची थोडा वेळ थांबली. माझ्या मते संपूर्ण संवादातला हा सर्वांत अवघड प्रश्न होता, आणि त्याचे निर्विवाद उत्तर वनशास्त्राकडेही नाही; कारण ते उत्तर झाडावर अवलंबून नसून, लाकडाला भाव मिळाला नसता तर त्या जमिनीचे काय झाले असते यावर अवलंबून आहे. जेथे लाकडाला भाव आहे म्हणून शेतकरी झाडे लावतो, तेथे ती वाढ तोडीच्या खाती धरणे योग्य. जेथे नैसर्गिक जंगल आधीच उभे आहे, तेथे नव्हे. हरियाणातल्या यमुनानगरच्या प्लायवूडच्या गिरण्यांना शेतावरचा पॉपलर सहा-आठ वर्षांत मिळतो. ते झाड गिरणी नसती तर लावलेच गेले नसते. आलापल्लीच्या जंगलातल्या जुन्या सागाविषयी असे कोणी म्हणू शकणार नाही. भाचीने हा भेद तेथल्या तेथे मान्य केला, आणि वाद पुढे सरकला.

मामा : मी काँक्रीटचा कैवार घेतो याचे तुला नवल वाटते. पण आमच्या जंगलांवर पहिला मोठा घाव कोणी घातला? रेल्वेने. किलोमीटरभर रुळांखाली हजाराहून अधिक स्लीपर लागत. साग, साल, देवदार जे मिळेल ते तोडले गेले. १८६४ साली ब्रँडिस साहेब हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक नेमले गेले, ते या ओढीने सरकारला घाबरवले म्हणूनच. आज रुळांखाली काँक्रीटचे स्लीपर आहेत. त्यांनी किती सालवने वाचवली, याची जमा कोणी धरीत नाही. गरिबाच्या घराचेही तेच. काँक्रीटचा स्लॅब पडला, म्हणजे पावसाळ्याआधी दरसाल कवेलू चाळायचे आणि वाळवीने पोखरलेला वासा बदलायचा हे दोन्ही सुटते. सागवान आज कोणाला परवडते? लाकडाचे घर हा श्रीमंताचा छंद होऊ लागला, आणि त्याचा भार माझ्या जंगलावर पडू लागला, तर मी सिमेंटच्याच बाजूने बोलेन.

भाची : गरिबाचे म्हणता, तर किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसे दगावली ती चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि धाब्याच्या मातीच्या ओझ्याखाली. जेथे आत सागाचे खण होते, तेथे भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे त्या गावांत होती. तरी भूकंपानंतर बदनाम झाले ते सरसकट सारे जुने बांधकाम. आणि त्याच १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने, जंगले वाचवावीत या हेतूने, सरकारी इमारतींत लाकूड वापरायला बंदी केली. ती उठली २०२० साली. मधल्या सत्तावीस वर्षांत आपली लाकडाची विद्या गेली, सुतार गेले, आणि मोठ्या कामासाठी साग परदेशातून येऊ लागला. आपल्या बंदीने तोड थांबली नाही, मामा. ती ब्रह्मदेशात गेली, आफ्रिकेत गेली.

मामा : हा मुद्दा खरा आहे, आणि त्याची लाज आम्हा वनखात्यातल्या लोकांनाही वाटली पाहिजे.

भाची : आता तुमच्या काँक्रीटची एक आशा आहे, तीही मीच सांगते. जुने काँक्रीट हवेतला कर्बवायू हळूहळू परत शोषते. १९३० ते २०१३ या काळात चुनखडी भाजताना जेवढा वायू सुटला, त्याच्या सुमारे त्रेचाळीस टक्के जगातल्या सिमेंटाने परत घेतला, असा हिशेब २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे.

मामा : मग?

भाची : मग असे, की तो मुख्यतः गिलाव्याने आणि पाडलेल्या इमारतींच्या चुऱ्याने घेतला. कॉलमने तो घेऊ नये म्हणून तर आम्ही धडपडतो. मी जुन्या इमारतींची तपासणी करते, तेव्हा कॉलमचा कोपरा फोडून ताज्या भेगेवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारते. आतले काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होते. बाहेरचा थर, जेथे कर्बवायू शिरला आहे, तो राखाडीच राहतो. त्या राखाडी थराने सळई गाठली, की चुन्याच्या क्षाराचे संरक्षण संपते, पोलाद गंजून फुगते आणि काँक्रीट सुटू लागते. ज्या क्रियेने काँक्रीट आपले देणे फेडते, तीच क्रिया त्याचे आयुष्य तोडते.

मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. काँक्रीट अक्षय आहे या समजुतीवर आपण तीन पिढ्या घरे बांधली, आणि आज शहरांत तीस-चाळीस वर्षांच्या इमारती पाडून त्यांच्या जागी पुन्हा ऐंशी टनांचे, आठशे टनांचे देणे नव्याने उभे करीत आहोत. उलट दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचे सागवान दोनशे वर्षांनंतरही पुण्यात उभे आहे. त्यातला कर्ब पेशवाईच्या काळात हवेतून घेतलेला, आणि अजून परत न केलेला. अर्थात शनिवारवाड्याचे लाकूड १८२८ च्या आगीत गेले, तेव्हा ती ठेव काही दिवसांत रिकामी झाली, हेही विसरून चालणार नाही.

भाची : आगीचे भय खरे, पण जाड तुळईचे आणि काडीचे जळणे एक नव्हे. जाड लाकूड मिनिटाला मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने कोळसते, आणि तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला झाकतो. नॉर्वेतल्या ब्रुमुनडाल गावी मियोस्टॉर्नेट नावाची अठरा मजली इमारत २०१९ साली पूर्ण झाली. ८५ मीटरांहून उंच आणि सारा सांगाडा लाकडाचा.

मामा : आणि तिच्या वरच्या मजल्यांची जमीन काँक्रीटची! मी वाचले आहे. लाकूड इतके हलके की वाऱ्याने इमारत डोलू नये म्हणून वरती मुद्दाम काँक्रीटचे वजन ठेवावे लागले. पाया तर सगळीकडेच काँक्रीटचा. शिवाय तेथले लाकूड स्प्रूसचे, थंड आणि कोरड्या हवेतले; आणि नॉर्वेत दरसाल जेवढे जंगल वाढते, त्याहून बरेच कमी तोडले जाते. त्या देशाची शिल्लक पाहून आपण आपल्या नावावर खर्च लिहायचा का?

भाची : म्हणून तर मी स्प्रूस मागत नाही. कोकणात माणगा बांबू आहे. तीन-चार वर्षांत तयार होतो, आणि २०१७ पासून वनाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे तो तोडायला आणि न्यायला परवान्याची कटकट उरलेली नाही. रोपवनातल्या विरळणीचा साग आहे; तो तर तुम्ही मोठ्या झाडांना जागा व्हावी म्हणून तोडताच. तो बारीक असतो म्हणून जळाऊ ठरतो. पण पट्ट्या काढून, चिकटवून त्यांची तुळई करता येते. ते लाकूड जाळण्याऐवजी पन्नास वर्षे इमारतीत राहिले, तर त्या नफ्यावर तुमचा कोणता आक्षेप आहे?

मामा : विरळणीच्या लाकडावर आक्षेप नाही. पण ते विरळणीचेच आहे हे कशावरून? आम्ही झाड तोडीला लावतो, तेव्हा छातीच्या उंचीवर साल तासून क्रमांक घालतो, आणि बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, हातोड्याचा ठसा मारतो. खोड गेले तरी खुंटावरचा ठसा राहतो, आणि पुढे कोणीही जाऊन रजिस्टरातला क्रमांक त्याच्याशी ताडून पाहू शकतो. तुझ्या तुळईचा तेवढा मागोवा लागत असेल, तर मी माझी तक्रार परत घेतो. आणि माझ्या बाजूने एवढे सांगतो, की काँक्रीट घालायचेच, तर जुन्या पद्धतीने सिमेंट ओतू नका. चंद्रपूरची राख आपल्या दाराशी आहे. घाटघरचे धरण राख मिसळून, रोलरने दाबलेल्या काँक्रीटचेच आहे.

भाची : राख कोळशाची आहे, मामा. आज ना उद्या कोळसा बंद करायचा म्हणतो, तर राखही बंद होईल. त्यापेक्षा भाजलेली माती बरी. स्वित्झर्लंडच्या लोझानमधली तंत्रविद्यापीठाची मंडळी, क्यूबा आणि आपल्या आयआयटी यांनी मिळून जे सिमेंट सिद्ध केले, त्यात क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून भट्टीतून निघणारा गाभा, निम्मे. बाकी भाजलेली चिकणमाती, कच्ची चुनखडी आणि थोडे जिप्सम. माती आठशे अंशांच्या आसपास भाजली तरी पुरते, आणि तिच्यातून कर्बवायू सुटत नाही. एकंदर बोजा तीस ते चाळीस टक्क्यांनी उतरतो. पायाला मी तेच घेईन.

मामा : मग पाया काँक्रीटचा, हे ठरले. काळ्या मातीत दुसरा इलाजही नाही. वरच्या मजल्याबद्दल बोल.

यानंतरची चर्चा मापांची आणि दरांची होती. ती सगळी देत नाही. पण तिच्यात एक गोष्ट निघाली, जी दोघांच्याही युक्तिवादांत आधी नव्हती, आणि माझे मत जिने बांधले गेले. ज्या लाकडाची तोड होऊन शंभर वर्षे लोटली, ज्याच्या जागी उगवलेले जंगल केव्हाच मोठे झाले किंवा नाहीसे झाले, आणि ज्याच्यासाठी आता एकही नवा खुंट पडायचा नाही, असे लाकूड त्याच आवारात उभे होते. जुन्या इमारतीचे खांब, तुळया आणि कड्या मामांनी स्वतः टोचणीने तपासल्या. जमिनीलगतचा हातभर भाग सोडला तर आतले लाकूड घट्ट होते. भाचीने मापे घेतली आणि वरच्या मजल्याची जमीन व छप्पर मिळून जेवढे लागते, त्याचा मोठा भाग त्यातून निघेल असे सांगितले. लाकडाचे श्रेष्ठत्व लाकूड असण्यात नाही. ते किती काळ कोंडलेले राहते आणि त्याच्यामागे जंगल किती राहते यात आहे. काँक्रीटचे देणे कधीच पुरते फिटत नाही, म्हणून ते जितके टिकेल तितके थोडे. लाकडाची ठेव मुदतीची आहे, म्हणून ती मुदत वाढवणे हाच तिचा नफा. हे मत माझे. दोघांपैकी कोणीही ते अशा शब्दांत मांडले नाही.

खालच्या मजल्याचे कॉलम कशाचे, यावर मामा-भाचीचे अखेरपर्यंत पटले नाही. मामा काँक्रीटवर ठाम राहिले, कारण वाळवी आणि पावसाळ्यातली ओल. भाचीने विरळणीच्या सागाच्या चिकटवलेल्या खांबांचा आराखडा समितीपुढे ठेवला आहे, आणि सागाच्या मुळाचा दाखला वनखात्याच्या रजिस्टरावरून काढून देण्याचे मामांनीच कबूल केले आहे. एवढे मात्र दोघांनी मिळून दाखवून दिले, की आमच्याकडे आलेल्या निविदेत कंत्राटदाराने जुन्या इमारतीचे सारे लाकूड ‘पाडकामाचा माल’ म्हणून आपल्याकडे घेतले होते आणि त्याबद्दल भंगाराच्या दराची वजावट दिली होती. ती बाब समितीने निविदेतून काढून टाकली आहे. उतरवलेल्या प्रत्येक तुळईवर क्रमांक घालून ती आवारातच छपराखाली रचून ठेवावी, ही अट घालून निविदा नव्याने मागवायच्या आहेत.